साबण उलगडून तेलाचा स्वभाव सांगणारा शेवरूल

शेतकरी बंधूंनो, पौषातल्या सकाळी देवळीतली खोबरेल तेलाची बाटली हातात घ्या. तेल थिजून पांढरे झालेले असते. शेजारी एरंडेलाची बाटली असेल तर ते काकवीसारखे जाड दिसेल, पण थिजलेले नसेल. आणि जवसाचे तेल लाकडावर पुसून ठेवले, की काही दिवसांत त्याचा कोरडा पापुद्रा धरतो. तिन्ही तेले वनस्पतींचीच. मग एक थिजते, दुसरे वंगणाला चालते आणि तिसरे रोगणासारखे वाळते, असे का बरे?

या प्रश्नाची पहिली गाठ सोडवली ती फ्रान्समधल्या एका माणसाने. त्यांचे नाव मिशेल शेवरूल. आपल्याकडे हे नाव फारसे ऐकिवात नाही, पण साबण, मेणबत्ती आणि ट्रॅक्टरला भरायचे ग्रीस यांच्यामागे त्यांचेच काम आहे. म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ.

शेवरूल यांचा जन्म 31 ऑगस्ट 1786 रोजी आंझे या गावी झाला. वडील शस्त्रवैद्य होते. फ्रान्सची राज्यक्रांती झाली तेव्हा हा मुलगा अगदी लहान होता. 1803 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो पॅरिसला गेला आणि व्होक्लँ या नामांकित रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत कामाला लागला.

1811 च्या सुमारास त्यांच्या हाती डुकराच्या चरबीचा आणि पोटॅशचा साबण आला. त्यांनी तो भरपूर पाण्यात टाकला. काही भाग विरघळला आणि काही भाग मोत्यासारख्या चकचकीत पापुद्र्यांच्या रूपात खाली बसला. दुसरा कोणी असता तर गाळ म्हणून फेकून दिला असता. शेवरूल यांनी तो जपून ठेवला, त्यावर आम्ल घातले, आणि चरबीतून एक वेगळाच घट्ट पदार्थ बाहेर निघाला.

तोवर लोकांची समजूत अशी, की चरबी आणि खार एकत्र शिजले की साबण होतो, झालं. शेवरूल यांनी दाखवले, की शिजताना चरबी फुटते. तिच्यातून एकीकडे ग्लिसरीन सुटते आणि दुसरीकडे निरनिराळी आम्ले सुटतात. या आम्लांना आपण मेदाम्ले म्हणतो. घट्ट ते स्टिअरिक आम्ल, पातळ ते ओलेइक आम्ल, लोण्यातले ब्युटिरिक आम्ल, अशी एकेक आम्ले त्यांनी वेगळी काढून त्यांना नावे दिली. पदार्थ शुद्ध झाला की नाही हे कसे ओळखायचे? तो पुन्हा पुन्हा गोठवून साफ करायचा आणि किती उष्णतेला वितळतो ते बघायचे. तो आकडा बदलायचा थांबला, की माल शुद्ध. बारा वर्षांच्या अशा चिकाटीनंतर 1823 मध्ये त्यांचा चरबीवरचा मोठा ग्रंथ निघाला.

आता त्यांच्या कामाचा अर्थ आपल्या भाषेत समजून घेऊ. तेलाचा एक कण म्हणजे तीन दातांचे दाताळे समजा. आडवी पट्टी म्हणजे ग्लिसरीन आणि तीन लांब दात म्हणजे तीन मेदाम्ले. पट्टी सगळ्या तेलांत तीच. फरक सगळा दातांत.

स्टिअरिक आम्लात कार्बनच्या 18 कड्यांची साखळी असते, ओलेइकमध्येही 18 च. फरक एवढाच, की ओलेइकच्या मध्यावर एक दुहेरी बंध असतो आणि तिथे साखळी वाकते. त्या एका बाकाने केवढा फरक पडतो बघा. स्टिअरिक सुमारे 70 अंश सेल्सिअसला वितळते, ओलेइक 13-14 अंशालाच. सरळ पऱ्हाट्यांची मोळी घट्ट बसते, वाकड्यांची बसत नाही, तसाच हा प्रकार. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसल्या की मेण. वाकड्या साखळ्या सैल राहिल्या की तेल. खोबरेलातल्या साखळ्या बहुतेक सरळ, पण आखूड. म्हणून ते थंडीत थिजते आणि ऊन लागले की लगेच पातळ होते.

जवसातल्या पुष्कळ साखळ्यांत तीन-तीन दुहेरी बंध असतात. अशा जागी हवेतला ऑक्सिजन शिरतो, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि तेल वाळते. रंगाला हा गुण, वंगणाला हाच अवगुण.

एरंडेलाचे वेगळेच. त्यातले सुमारे 85 ते 90 टक्के आम्ल एकाच जातीचे, रिसिनोलेइक. 18 कड्या, एक बाक, शिवाय बाजूला ऑक्सिजन-हायड्रोजनचा एक आकडा. बाभळीच्या फांद्या काट्यांनी एकमेकींत अडकतात तशा या साखळ्या आकड्यांनी एकमेकींना धरतात, आणि लोखंडालाही धरून राहतात. बाक आहे म्हणून थिजत नाही, आकडा आहे म्हणून जाड. बैलगाडीच्या आसाला एरंडेल का घालत, हे आता ध्यानात आले असेल. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांच्या इंजिनांतही हेच तेल असे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. साखळीचा बाक आणि आकडा शेवरूल यांना ठाऊक नव्हता. ते ज्ञान पुढच्या पिढ्यांचे. शेवरूल यांनी मोळी सोडून काड्या जातवार लावून दिल्या. त्यांचीही चूक झाली होती. मार्गारिक म्हणून जे आम्ल त्यांनी एकच मानले, ते दोन आम्लांचे मिश्रण असल्याचे नंतर सिद्ध झाले. पण काड्या वेगळ्या काढल्या नसत्या, तर पुढच्यांनी मोजल्या तरी काय असत्या?

या ज्ञानाचा पैसा मात्र त्यांना लाभला नाही. चरबीची मेणबत्ती धुरकट जळायची, वास मारायची आणि उन्हाळ्यात वाकायची. 1825 मध्ये त्यांनी गे-ल्युसॅक या शास्त्रज्ञाबरोबर घट्ट मेदाम्लांच्या मेणबत्तीचे पेटंट घेतले. धंदा चालला नाही. पुढे द मिली नावाच्या उद्योजकाने चुना वापरून खर्च खाली आणला, तेव्हा स्वच्छ जळणारी मेणबत्ती घरोघर गेली. शेवरूल 1824 पासूनच गोब्लँच्या सरकारी गालिचा कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. तिथे त्यांनी रंगांवर केलेले काम चित्रकार आजही अभ्यासतात. शंभरी ओलांडली तरी ते स्वतःला विद्यार्थीच म्हणवत. 9 एप्रिल 1889 रोजी, 102 व्या वर्षी, ते वारले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या 72 नावांत त्यांचेही नाव आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. एरंडेलात हायड्रोजन मुरवला की बाक सरळ होतो आणि सुमारे 85 अंशाला वितळणारे कडक मेण मिळते. त्यातल्या आम्लाचा लिथियमशी साबण केला, की तो तेलाला स्पंजसारखा धरून ठेवतो. हेच लिथियम ग्रीस. तुमच्या ट्रॅक्टरच्या बेअरिंगमध्ये जे भरता त्यात बहुधा एरंडीच असते. जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात पिकते, आणि त्यातली बहुतेक गुजरातेत. आपल्याकडे ती अजून बांधावरचे झाड म्हणूनच उभी असते.

म्हणून मंडळी, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. घरचे करडईचे किंवा सोयाबीनचे तेल वंगण म्हणून इंजिनात ओतू नका. दुहेरी बंध पुष्कळ असल्याने तापल्यावर त्याचा चिकट गोंद होतो, आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च दुरुस्तीला लागतो. दुसरी गोष्ट ग्रामसेवक आणि सोसायटीच्या मंडळींसाठी. तेलबियांच्या लागवडीची एखादी योजना गावात आली, तर एकरी उतारा विचाराच, पण त्या तेलात कोणते आम्ल किती आहे आणि ते कोण, कशासाठी घेणार, हेही विचारा. तेलाचा भाव त्याच्या पोटातल्या काड्यांवर ठरतो. दोनशे वर्षांपूर्वी शेवरूल यांनी साबणाचा गाळ फेकला नाही, म्हणून हा प्रश्न आज आपल्याला विचारता येतो.