उभ्या गाडीची बॅटरी आणि एडिसन

गोंदिया : भातगिरण्यांच्या या गावात ई-रिक्षा चालविणाऱ्यांना एक गोष्ट सहज पटेल. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पंधरा-वीस दिवस पडून राहिली, की ती पूर्वीसारखी उभारी धरत नाही. शंभर वर्षांपूर्वी याच दुखण्याने थॉमस अल्वा एडिसन यांची सुमारे दहा वर्षे खर्ची पाडली.

११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो प्रांतात त्यांचा जन्म झाला. आगगाडीत वर्तमानपत्रे विकणारा हा मुलगा पुढे तारयंत्र चालवू लागला. ऐकू कमी येत असतानाही त्याने १८७७ मध्ये फोनोग्राफ सिद्ध केला. १८७९ च्या दिव्याची कथा तर शाळेतली मुलेही सांगतात. बॅटरीची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही, कदाचित तीत अपयश अधिक असल्यामुळे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी शहरांत विजेच्या मोटारी सर्रास धावत. त्यांतील शिसे व गंधकाम्लाची बॅटरी जड असे आणि उतरलेली ठेवल्यास तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर जमत. आम्ल हाच दोष, असे मानून एडिसन क्षाराकडे वळले. त्यांनी लोखंड आणि निकेल निवडले. (स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हेही त्याच वाटेवर होते, हे विसरता येत नाही.) हजारो प्रयोगांनंतर १९०३ मध्ये बॅटरी बाजारात आली, पण ती गळू लागली, तिची शक्तीही घटू लागली. एडिसन यांनी उत्पादन थांबविले आणि पुन्हा प्रयोगशाळा गाठली. सुधारित बॅटरी १९०९ च्या सुमारास तयार झाली.

ही बॅटरी रिकामी ठेवली तरी बिघडत नसे. मात्र उभ्या उभ्या तिची वीज लवकर ओसरे, थंडीत ती मंदावे आणि किंमतही भारी होती. शिवाय तिच्यातून हायड्रोजन निघे. जानेवारी १९१६ मध्ये गोदीत असलेल्या अमेरिकी पाणबुडीत याच वायूचा स्फोट होऊन माणसे दगावली.

तोवर बाजारही हातचा गेला होता. एडिसन यांचे स्नेही हेन्री फोर्ड यांनी १९०८ मध्ये स्वस्त पेट्रोल मोटार आणली. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला आणि हॅण्डल मारण्याचा त्रास संपला. तो स्टार्टर चाले शिशाच्याच बॅटरीवर! इंजिन तिला सतत भारित ठेवी, त्यामुळे तिचे जुने दुखणे आपोआप आटोक्यात आले. एडिसन यांच्या बॅटरीने पुढे खाणींतील दिवे व रेल्वेचे सिग्नल सांभाळले आणि धंदाही बरा केला. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी त्यांचे निधन झाले.

आजच्या लिथियम बॅटरीचा स्वभाव वेगळाच आहे. पूर्ण भारित गाडी मे महिन्याच्या उन्हात दिवसेंदिवस उभी राहिली, तर ती बॅटरी लवकर म्हातारी होते; निम्मी भारित ठेवून सावलीत उभी केलेली बरी. उभ्या गाडीतही मोठी बॅटरी अधूनमधून दिवे, कुलपे व संगणक चालविणाऱ्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीला वीज पुरविते. ती छोटी बॅटरी अनेक गाड्यांत अजूनही शिशाचीच असते.