किर्लोस्करांचा नांगर आणि लोखंडातला हट्टी बुडबुडा

लक्ष्मणराव किर्लोस्कर म्हटलं की आमच्या सांगली-साताऱ्याकडे लोकांना पंप आठवतो. मला मात्र त्यांचा नांगर जास्त भारी वाटतो.

जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, तर रंगच नीट ओळखता येत नाहीत असं निघालं. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं. बढती डावलली, तशी नोकरी सोडली. बेळगावात भाऊ रामूअण्णांसोबत सायकलचं दुकान, नंतर कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर.

तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. अशा वेळी एखादा ओतीव भाग शेतातच तुटला असता, तर गाव पुन्हा लाकडी नांगराकडे वळलं असतं. आणि ओतीव लोखंड तुटायचं एक मोठं कारण म्हणजे आत अडकलेला बुडबुडा.

साध्या पाण्यातला बुडबुडा वर येतो आणि लगेच फुटतो. द्रवात बारीक कण तरंगत असले की गणित बदलतं. जो कण द्रवात पूर्ण भिजत नाही आणि पूर्ण कोरडाही राहत नाही, तो बुडबुड्याच्या सीमेवर जाऊन बसतो, अर्धा आत, अर्धा बाहेर. त्याला तिथून हलवायला बरीच ऊर्जा लागते. असे कण दाटीने बसले की बुडबुड्याला चिलखतच मिळतं, दोन बुडबुडे चिकटले तरी मधला पडदा फुटत नाही. (उलटंही होतं बरं का. द्रवाला अजिबात न जुमानणारे काही कण हाच पडदा फोडतात, फेस मारायच्या औषधात तेच वापरतात.)

गुऱ्हाळावर बघितलं असेल, काहिलीतल्या रसाचा बारीक गाळ फेसाला धरून वर येतो. तो दाट फेस आपोआप बसत नाही, गुळव्या झाऱ्याने मळी काढत राहतो. फाउंड्रीतही तेच. वितळलेल्या लोखंडावरचा स्लॅग खरवडून काढायचा, साच्यातली वाळू सुटू द्यायची नाही, ओतताना धार खळखळू द्यायची नाही. राहिलेल्या कणांच्या आसऱ्याने वायू अडकला की लोखंड थिजल्यावर तिथे पोकळी. वरून कास्टिंग चकाचक दिसतं, आत खड्डा. आज हीच खोड मुद्दाम वापरून, ॲल्युमिनियममध्ये सिरॅमिकचे कण मिसळून, हलका धातूचा फेस बनवतात.

१९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं. निवडुंग आणि नागांचं रान होतं ते. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली, स्टेशनलाही पुढे तेच नाव पडलं.

१९२६ साली तिथे सेंट्रिफ्युगल पंप बनला. नांगरातली पोकळी एकवेळ वर्षभर लपून राहील, पण पंपाच्या कवचात आरपार गेलेली पोकळी दाबाखाली पाणी आलं की पहिल्याच दिवशी गळायला लागते. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. तोवर त्यांच्या वाडीतले नांगर आणि पंप, दोन्ही शेतकऱ्याच्या रोजच्या वापरात आले होते.