भुतांना चॅलेंज देणारा व्याकरणकार!

मित्रांनो, सबमिशनसाठी अख्खी रात्र जागलेले आपल्यात खूप जण सापडतील. पण भुतासाठी कोणी जागलंय का? अमेरिका-इंग्लंडमध्ये जुन्या रेल्वे स्टेशनांची म्युझियम्स आहेत. तिथे तिकीट काढून रात्रभर ‘घोस्ट हंट’ला जाणारे लोक आहेत. हातात ईएमएफ मीटर, व्हॉइस रेकॉर्डर आणि टॉर्च. काटा हलला की सगळे ओरडतात, आलं! आता इलेक्ट्रिकलवाल्यांना विचारा, भिंतीतल्या चालू वायरजवळ किंवा खिशातल्या मोबाइलजवळ मीटर नेला तर काय होतं? काटा हलतोच. त्यासाठी भूत कशाला पाहिजे?

खरा घोस्ट हंट म्हणजे अंधारात फिरणं नव्हे, तर दाव्याची टेस्ट घेणं. आणि हे काम आपल्याकडे १८४४ मध्येच सुरू झालं होतं, मुंबई-ठाणे आगगाडी धावायच्या ९ वर्षं आधी! ते करणाऱ्यांत एक मराठी माणूस होता आणि पुढे तो आपल्या नगरला डेप्युटी कलेक्टर म्हणून आला. त्याचं नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर.

नाव ऐकल्यासारखं वाटतंय ना? बरोबर, शाळेतलं व्याकरण! मराठीचे पाणिनी म्हणतात ते हेच. जन्म मुंबईचा, ९ मे १८१४. १८३६ मध्ये त्यांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापून आलं तेव्हा वय होतं फक्त २२. म्हणजे आपण प्रोजेक्ट रिपोर्टचं बाइंडिंग करतो त्या वयात या माणसाने अख्ख्या भाषेचे नियम लिहून काढले होते.

पुढे दादोबा सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक झाले. तिथे दुर्गाराम मेहताजी भेटले, तेही शिक्षकच. दोघांनी आणखी काही मित्रांना घेऊन १८४४ मध्ये मानवधर्म सभा स्थापन केली. देव एक आणि माणसाची जातही एकच, अशी त्यांची धारणा. शिवाय सभेने गावातल्या मांत्रिकांना आणि जादूगारांना जाहीर आव्हान दिलं की तुमची जी काय शक्ती असेल ती चारचौघांत सिद्ध करून दाखवा. आजच्या भाषेत सांगायचं तर थिअरी पुरे, प्रॅक्टिकल दाखवा!

१८५३ मध्ये लंडनला मायकेल फॅरडेनेही हेच केलं. टेबलाभोवती बसून हात ठेवले की आत्मे टेबल फिरवतात, असं फॅड तेव्हा तिकडे पसरलं होतं. फॅरडेने हात आणि टेबल यांच्यामध्ये सरकणाऱ्या फळ्या आणि एक दर्शक बसवला. लोकांचे हातच नकळत टेबल ढकलत होते, हे त्यावरून सिद्ध झालं. दर्शक डोळ्यांसमोर ठेवल्यावर तर टेबल हलायचंच बंद झालं.

१८४६ मध्ये दादोबा मुंबईला परतले आणि १८४९ मध्ये परमहंस सभा सुरू झाली. त्यामागची मुख्य प्रेरणा दादोबांचीच. जातपात मोडायची, म्हणून सभासद एकत्र बसून जेवायचे आणि ख्रिश्चनाच्या हातचा पाव खायचे. पण हे सगळं चालायचं गुपचूप! बाहेर कळलं तर जात वाळीत टाकणार, घरदार तुटणार. १८६० मध्ये सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली, नावं फुटायची वेळ आली आणि सभाच मोडली. दादोबांनी ‘धर्मविवेचन’ हे पुस्तक लिहिलं, पण ते निघालं १८६८ मध्ये आणि तेही टोपणनावाने.

बघा, मांत्रिकांना भर गावात ललकारणारा माणूस, पण जातीपुढे त्याला नाव लपवावं लागलं. भुतापेक्षा माणसांची भीती मोठी होती! त्यांना भित्रं म्हणणं सोपं आहे. पण वाळीत पडणं म्हणजे लग्नकार्यापासून अंत्यविधीपर्यंत दार बंद. ते धैर्य आज आपल्याकडे तरी कितपत आहे?

नगरला असताना दादोबांनी भिल्लांचं बंड मोडलं आणि सरकारने त्यांना रावबहादूर केलं. त्या बंडाकडे आज आपण वेगळ्या नजरेने पाहतो, पण ही बाजूही त्यांच्या चरित्रात आहे. निवृत्तीनंतर ते पुन्हा लिहिण्यात रमले. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी टीका लिहिली. १८७८ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं ते स्वीडनबोर्गच्या विचारांवर. हा स्वीडनचा खाण-तज्ज्ञ, म्हणजे आपल्याच लाइनचा, पण आपण देवदूतांशी आणि आत्म्यांशी बोलतो असं सांगायचा! मांत्रिकांना आव्हान देणारा माणूस म्हातारपणी अशा ग्रंथांवर विचार करत बसला होता. माणूस एका सूत्रात बसत नाही, हेच खरं. योगायोग असा की त्याच वर्षी दौंड-मनमाड लाइन सुरू झाली आणि नगरला आगगाडी आली. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबा गेले.

सुरतेच्या त्या आव्हानानंतर १६९ वर्षांनी, २०१३ मध्ये, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधून ठेवणं, मारहाण करणं हा आता गुन्हा आहे. कायदा करावा लागला याचाच अर्थ असे प्रकार घडत होते, आणि मार भुताला नाही, माणसाला बसत होता.

तेव्हा दोस्तांनो, होस्टेलच्या बंद रूममधून आवाज येतो असं कुणी सांगितलं तर हसू नका आणि पळूही नका. टॉर्च घ्या, खिडकीची कडी बघा, पाइप बघा, वायरिंग बघा. आणि जे सापडेल ते सगळ्यांसमोर सांगा, स्वतःच्या नावानिशी. दादोबांना जे जमलं नाही ते एवढंच होतं.