न वाचता आलेल्या पत्रापासून : लोककवी वामनदादा कर्डक

एप्रिल महिना लागला की वामनदादांची गाणी आपल्या वस्तीत सकाळपासून वाजू लागतात. आपल्यापैकी अनेकांना ती तोंडपाठ असतात, पण कुणी लिहिली असं विचारलं तर गायकाचं नाव पुढे येतं. ही चूक आम्हीही केली आहे. म्हणून यावेळी गाण्यांबद्दल थोडं कमी आणि ती लिहिणाऱ्या माणसाबद्दल थोडं जास्त लिहावं असं ठरवलं. आणखी एक कारण आहे. आपल्यातली बरीच मुलं-मुली लिहितात, वहीत किंवा मोबाईलमध्ये, आणि कुणाला दाखवत नाहीत. शिक्षण कमी पडतं, भाषा शुद्ध नाही, असं त्यांना वाटतं. त्यांनी हे जरूर वाचावं.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडी या गावी झाला. आईचं नाव सईबाई. गावात महार कुटुंबाच्या वाट्याला जे येत होतं ते सगळं यांच्याही वाट्याला आलं. शाळा मात्र आली नाही. गुरं राखण्यात आणि कष्टात बालपण गेलं. पुढे पोटासाठी मुंबई गाठली आणि शिवडीच्या बीडीडी चाळीत मुक्काम पडला. कोळशाच्या वखारीपासून गिरणीपर्यंत मिळेल ते काम केलं. अंगापिंडाने चांगला, खेळाची आणि लेझमाची आवड असलेला हा तरुण समता सैनिक दलात रमला. सगळं होतं, फक्त अक्षर येत नव्हतं.

मग ते पत्र आलं. चाळीतल्या कुणीतरी आपलं पत्र त्यांच्या हातात दिलं आणि वाचून दाखव म्हणून गळ घातली. अंगावर बरे कपडे, बोलणं चुणचुणीत, त्यामुळे पोरगा शिकलेला असणार असं त्या माणसाला वाटलं असावं. वामनदादांना ते वाचता आलं नाही. याची त्यांना इतकी लाज वाटली की ते रडले. विशीच्या आसपासचा, दलात लाठी फिरवणारा गडी एका कागदापुढे रडला. आम्हाला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग हाच वाटतो, सत्कारांपेक्षा आणि संमेलनापेक्षाही.

कारण लाज वाटल्यावर माणूस दोन गोष्टी करू शकतो. पुन्हा कुणी कागद पुढे करू नये म्हणून बाजूला राहायला शिकतो, किंवा अक्षरं शिकतो. वामनदादा देहलवी मास्तरांकडे गेले. त्यांच्याकडून मुळाक्षरं आणि बाराखडी गिरवून घेतली. जोडाक्षरांचा सराव त्यांनी मुंबईच्या रस्त्यावर दुकानांच्या पाट्या वाचत केला. ज्यांनी मोठेपणी वाचायला शिकलेली आई किंवा आजी घरात पाहिली आहे, त्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको. बसची पाटी ओठ हलवत वाचणं, मग पुढची, मग त्या पुढची.

पहिलं गाणं त्यांनी ३ मे १९४३ रोजी लिहिलं. ते भीमगीत नव्हतं. त्या काळच्या सिनेमाच्या गाण्यावर केलेलं विडंबन होतं, तेही हिंदीत. मित्रांना हसवायला लिहिलेलं. ते हसले, त्यांना आवडलं, आणि आपल्याला हे जमतं हे वामनदादांना कळलं. चळवळीच्या मोठ्या कवीची सुरुवात अशी थट्टेने झाली, हे आपण जरा मोकळेपणाने सांगायला हवं. पहिली ओळ थोर असावी लागते या भीतीने किती वह्या कोऱ्या राहतात! त्याच काळात मुंबईच्या सभांमधून त्यांनी बाबासाहेबांना पाहिलं, ऐकलं, आणि मग लेखणीला दिशा मिळाली. ती पुढची साठ वर्षं बदलली नाही.

घरची बाजू मात्र फार दुःखाची होती. अनुसयाबाईंशी झालेलं पहिलं लग्न टिकलं नाही. मीरा नावाची मुलगी होती, तीही आजारपणात गेली. पुढे शांताबाईंशी संसार झाला, पण पोटचं मूल झालं नाही. नंतर त्यांनी मुलगा दत्तक घेतला. बाप म्हणून जे हातातून गेलं त्याची भरपाई गाण्याने झाली असं आम्ही म्हणणार नाही. अशी भरपाई होत नसते. एवढंच दिसतं, की या सगळ्या वर्षांत त्यांचं लिहिणं बंद पडलं नाही. लिहिलेलं घेऊन ते ढोलकी-पेटीच्या साथीने गावोगाव जात राहिले. एका रात्रीचा कार्यक्रम, मिळेल ती बिदागी, दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. एकट्या माणसाला रोज रात्री शे-पाचशे माणसं आपली म्हणून भेटत होती. हा आधार किती मोठा असेल, हे वस्तीत एकदा तरी माईक हातात घेतलेल्याला कळेल.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आणि लगेच ६ डिसेंबरनंतर त्यांच्या गाण्यांचं काम बदललं. आता धम्म घराघरात न्यायचा होता आणि बाप गेलेल्या समाजाला सावरायचंही होतं. ग्रंथ वाचू न शकणाऱ्या आपल्या आज्यांना बुद्ध, फुले आणि भीमराव या गाण्यांतूनच कळले. पण वामनदादा नुसते गौरव गात बसले नाहीत. बाबासाहेबांच्या नावावर पुढारी झालेल्यांना, गट करून भांडणाऱ्यांना त्यांनी गाण्यातूनच चांगलं सुनावलं. संपत्तीच्या वाटणीचा हिशेबही त्यांनी भर सभेत मागितला. जयंतीच्या मंडपात नेमकी ही गाणी कमी वाजतात, याची आम्हाला खंत आहे.

गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते आपलं नाव गुंफत, संत अभंगात गुंफत तसं. पुष्कळ गायक वेळ कमी म्हणून शेवटचं कडवंच गाळतात आणि नेमका वामन गळून जातो. छापील पुस्तकं उशिरा आली. ‘वाटचाल’ १९७३ मध्ये, ‘मोहळ’ १९७६ मध्ये, ‘हे गीत वामनाचे’ १९७७ मध्ये. म्हणजे पहिल्या गाण्यानंतर तीस वर्षांनी पहिला संग्रह! तोवर गाणी लोकांच्या तोंडीच होती. किती हरवली त्याची गणती नाही, तरी जी उरली ती हजारोंनी आहेत.

१९९३ मध्ये वर्ध्याला पहिलं आंबेडकरी साहित्य संमेलन झालं. अध्यक्षपदी वामनदादा होते. शाळेची पायरी न चढलेला माणूस लेखक-प्राध्यापकांच्या मेळाव्याचा अध्यक्ष! नंतर त्यांनी ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथनही दिलं. १५ मे २००४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. अंत्ययात्रेला माणसांचा पूर लोटला होता.

ते पत्र कुणाचं होतं, त्यात काय लिहिलं होतं, कुणाला ठाऊक. गावाकडची साधी खुशाली असेल, नाहीतर पैसे पाठव म्हणून लिहिलं असेल. ज्याचं होतं त्याने ते नंतर दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घेतलं असेल आणि विसरूनही गेला असेल.