मोनिकाबाई: अगस्तीनाची आई

आपल्या मंडळ्यांत असे घर विरळाच, की ज्यातील एखादे माणूस प्रभूपासून दूर गेलेले नाही. कोणाचा मुलगा शहरी जाऊन प्रार्थना विसरला आहे, तर कोणाचा भाऊ उपासनेचे नाव काढताच उठून जातो. अशा घरांतील आईबापांकरिता आम्ही आज एका मातेचे चरित्र सादर करीत आहो.

मोनिकाबाई हिचा जन्म इ. स. ३३२ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत एका ख्रिस्ती घराण्यात झाला. तिचे सासर थागास्ते ह्या लहानशा नगरात होते. हे ठिकाण हल्लीच्या अल्जीरिया देशात आहे. पती पात्रिसियुस हा मूर्तिपूजक, मोठा रागीट व परस्त्रीकडे वळणारा होता. दासींच्या चहाड्यांमुळे सासूचेही मन प्रथम कलुषित झाले होते. परंतु मोनिकाबाईने सहनशीलतेने सासूस आपलेसे केले. पती रागात असता ती उलट बोलत नसे. त्याचा राग निवळल्यावर मग शांतपणे त्याची समजूत घाली. अशी पुष्कळ वर्षे गेल्यावर पात्रिसियुसने अखेरच्या दिवसांत बाप्तिस्मा घेतला, आणि इ. स. ३७१ च्या सुमारास तो वारला.

ह्या दांपत्याचा पुत्र अगस्तीन ता. १३ नोव्हेंबर ३५४ रोजी जन्मला. ख्रिस्ताचे नाव त्याने आईच्या दुधाबरोबरच घेतले असे म्हणावयास हरकत नाही. मुलगा बुद्धिमान निघाला, म्हणून त्याला विद्याभ्यासासाठी कार्थेज शहरी पाठविण्यात आले. तेथे लग्नावाचून एका स्त्रीबरोबर त्याने संसार मांडला व त्यांस आदेओदात नावाचा पुत्र झाला. पुढे तो मानी नामक पुरुषाच्या पंथास मिळाला. प्रकाश व अंधार अशा दोन अनादि शक्ती आहेत, असे हा पंथ शिकवी. अगस्तीन त्यात सुमारे नऊ वर्षे राहिला व वाक्पटुत्वाने इतरांसही त्याने तिकडे ओढले.

आईच्या दुःखास पारावार उरला नाही. प्रथम तिने मुलाला आपल्या पंक्तीस बसू देण्याचेही नाकारले. मग तिला एक स्वप्न पडले. ती एका लाकडी पट्टीवर उभी राहून रडत आहे, आणि एक तेजस्वी तरुण तिला सांगत आहे की, जेथे तू आहेस तेथेच तुझा मुलगाही आहे. तिने वळून पाहिले, तो अगस्तीन तिच्या शेजारी उभा! त्यानंतर तिने त्याला पुन्हा घरात घेतले. ह्याचा अर्थ आईच आपल्या पंथात येणार, असे अगस्तीन म्हणू लागला. तेव्हा तिने तत्काळ उत्तर दिले की, तू जेथे आहेस तेथे मी असेन असे मला सांगितलेले नाही.

तिने एका बिशपास मुलाशी वाद करण्याची गळ घातली. हा बिशप स्वतः बालपणी त्याच पंथात वाढलेला होता. तो म्हणाला की, मुलगा अजून शिकवून घेण्याच्या स्थितीत नाही. त्याला असू द्यावे व त्याच्यासाठी प्रार्थना करावी. तिने पुन्हा पुन्हा आग्रह केला, तेव्हा इतक्या अश्रूंचा पुत्र नाश पावणे शक्य नाही, असे सांगून त्याने तिची रवानगी केली.

इ. स. ३८३ मध्ये अगस्तीन रोमला जाण्यास निघाला. आई त्याला सोडीना. तेव्हा आपण एका मित्रास निरोप देत आहो, अशी थाप देऊन तो रात्री गलबतावर चढला. ती रात्र मोनिकाबाईने किनाऱ्याजवळील, हुतात्मा सिप्रियन ह्याच्या स्मरणार्थ बांधलेल्या प्रार्थनामंदिरात, मुलाने जाऊ नये म्हणून प्रार्थना करीत काढली. सकाळी पाहते तो गलबत निघून गेलेले! त्या रात्रीची तिची विनंती देवाने मान्य केली नाही. परंतु रोमहून अगस्तीन मिलान शहरी शिक्षक म्हणून गेला, आणि तेथे बिशप अंब्रोज ह्याच्या उपदेशाने त्याच्या मनातील शंका एकेक गळू लागल्या.

इ. स. ३८५ मध्ये मोनिकाबाईही समुद्र ओलांडून मिलानास आली. तिच्या हातून सर्व काही बरोबरच घडले, असे आम्ही म्हणत नाही. मुलाचे लग्न एका लहान वयाच्या मुलीशी ठरविण्यात तिचा पुढाकार होता, आणि त्यापायी आदेओदाताच्या आईला मुलास मागे ठेवून एकटीने आफ्रिकेत परत जावे लागले. ते लग्न तर झालेच नाही. आईने आखलेली वाट एक, आणि देवाची वाट निराळीच होती. इ. स. ३८६ च्या उन्हाळ्यात एका बागेत, पौलाचे रोमकरांस पत्र वाचीत असता अगस्तीनाचे हृदय पालटले. त्याने आत जाऊन ही वार्ता आईला सांगितली. पुढील वर्षी ता. २४ एप्रिलच्या रात्री, पुनरुत्थानाच्या सणी, अगस्तीन व आदेओदात ह्या बापलेकांनी अंब्रोजच्या हातून बाप्तिस्मा घेतला.

त्याच वर्षी मायदेशी परतताना ओस्तिया बंदरी मोनिकाबाईला ताप आला, व नवव्या दिवशी, वयाच्या ५६ व्या वर्षी, तिने देह ठेवला. पतीशेजारी आपले दफन व्हावे अशी तिची जुनी इच्छा होती, परंतु आता तिने ती सोडून दिली. देवापासून कोणतेही स्थळ दूर नाही असे ती म्हणे. अगस्तीन पुढे हिप्पो येथील बिशप झाला. त्याने आपल्या आत्मचरित्रात आईविषयी लिहून ठेविले, म्हणूनच आज आपण तिला ओळखतो.

बंधुभगिनींनो, प्रत्येक आईला असा दिवस याच जन्मी पाहावयास मिळेल, असे वचन आम्ही देऊ शकत नाही. मोनिकाबाईलाही कार्थेजच्या किनाऱ्यावर पुढचे काही दिसत नव्हते. परंतु गलबत तिच्या दृष्टीआड गेले, तरी देवाच्या दृष्टीआड गेले नव्हते. ज्यांची मुले दूर गेली आहेत त्यांनी वादाने त्यांस आणखी दूर लोटू नये व घराचे दार बंद करू नये. त्यांची नावे प्रभूपुढे नित्य घ्यावी, आणि त्यांस कोणत्या वाटेने परत आणावे हे त्याच्यावरच सोपवावे.