रोगाला पुरून उरलेल्या माश्यांचा माणूस

बियाणं घेताना वाण रोगाला बळी पडतो का, हे तुम्ही आधी विचारता. मधमाश्यांच्या बाबतीत हाच प्रश्न जन्मभर विचारणारे एक ख्रिस्ती संन्यासी इंग्लंडात होऊन गेले. ते ब्रदर ॲडम, मूळचे कार्ल केर्ले. जन्म जर्मनीतला, १८९८ चा. अकराव्या वर्षी ते डेव्हन परगण्यातल्या बकफास्ट मठात आले. मठाचं बांधकाम चालू होतं, पण ते कष्ट पोराला झेपेनात. म्हणून १९१५ साली त्यांना मधपेट्यांवर धाडलं.

त्याच हिवाळ्यात संकट आलं. आइल ऑफ वाइट बेटावर प्रथम दिसलेल्या रोगाने इंग्लंडातल्या गावठी काळ्या माश्यांचा फडशा पाडला. माश्या उडायच्या नाहीत, पेटीपुढे सरपटत मरायच्या. मठातल्या ४६ वसाहतींपैकी १६ उरल्या. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. यांनी उरलेल्या पेट्या नीट पाहिल्या, तर त्या इटालियन रक्ताच्या निघाल्या. श्वासनलिकेत शिरणारा सूक्ष्म कोळी पुढे १९२१ मध्ये सापडला. आजचे अभ्यासक मात्र सगळा दोष त्याच्या एकट्यावर टाकत नाहीत.

आता संकर करायचा, पण राणी फळते उडताना, हवेत. गाईसारखी दावणीला कशी बांधणार? म्हणून १९२५ मध्ये त्यांनी डार्टमूरच्या ओसाड माळावर, जिथे परका नर पोचणार नाही, राण्यांसाठी वेगळं केंद्र उभारलं. १९५० पासून तुर्कस्तान, ग्रीस, इजिप्त पालथे घालून तिथल्या माश्या आणल्या. ऐंशीच्या घरात असताना नव्हे, ऐंशी ओलांडल्यावरही ते किलिमांजारोच्या डोंगरात माश्या शोधत होते! त्यांचा 'बकफास्ट' वाण जगभर गेला.

तरी चांगला वाण म्हणजे सगळं नव्हे. व्हॅरोआ हा कोळी मुळात आपल्या सातेरी जातीच्या माशीवरचा. तिला तो बराच सोसवतो, युरोपीय माशीला नाही. तुमच्याकडे मेलिफेराच्या पेट्या असतील तर तळपाटावर कोळी किती पडतात ते आधी मोजा. नरांची घरं कापून काढा, त्यांतच तो जास्त वाढतो. औषध सर्वांत शेवटी, तेही मध काढायच्या हंगामात नको. युरोपात एकाच औषधाचा मारा केला, आणि कोळी त्याला दाद देईनासा झाला.

फेब्रुवारी १९९२ मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी, मठाच्या प्रमुखांशी मतभेद होऊन ॲडम यांनी पेट्यांचं काम सोडलं. मठाला संशोधनाचा व्याप परवडत नव्हता. दोनच महिन्यांनी ब्रिटनमधला पहिला व्हॅरोआ सापडला, तोही डेव्हनमध्येच. १ सप्टेंबर १९९६ रोजी ते वारले.