तीन नावे, एक सांगाडा

जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही उद्योग भारतात उभे करण्याची धडपड ज्यांनी एकाच आयुष्यात केली ते शेठ वालचंद हिराचंद. लोक त्यांना भव्य स्वप्ने पाहणारा उद्योगपती म्हणून ओळखतात. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने मला मात्र त्यांच्यातील हिशेबी माणूस अधिक मोह घालतो, आणि तो त्यांच्या मोटारधंद्यात विशेष दिसतो.

मराठी आणि कानडी दोन्ही भाषा जेथे एकाच बाजारात ऐकू येतात त्या सोलापुरात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी, एका गुजराती जैन व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरच्या धंद्यात मन रमेना, म्हणून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. १९१९ साली नरोत्तम मोरारजी आदींसह सिंदिया कंपनी काढली आणि ५ एप्रिल रोजी त्यांचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगलोरला विमानांचा कारखाना आणि पुढच्याच वर्षी विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी, अशी त्यांची झेप होती.

मोटार कारखान्यासाठी ते १९३९ साली अमेरिकेला गेले. सर विश्वेश्वरय्याही याच विचाराचा सतत पाठपुरावा करीत होते. फोर्डशी जमले नाही, क्रायस्लरशी जमले. परकी सरकारला मात्र या उद्योगाची निकड वाटली नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

या गाड्यांची नावे होती डॉज, प्लिमथ आणि डिसोटो. नावे तीन, पण त्यांतील अनेक गाड्यांचा सांगाडा एकच! क्रायस्लरने परदेशांसाठी अशी युक्ती योजली होती, की मूळ शरीर प्लिमथचे ठेवायचे, पुढची जाळी, बिल्ले आणि शोभेच्या पट्ट्या तेवढ्या बदलायच्या. ट्रकांतही तेच. डॉज आणि फार्गो ही जणू एका आईची जुळी मुले.

यावर आमच्या वर्गात वाद झाला. काही मित्रांच्या मते ही ग्राहकाची फसवणूक आहे. बिल्ल्याचे पैसे का द्यायचे? आक्षेप अगदीच खोटा नाही. पण मी सुरतेला मामांकडे गेलो असता एका गॅरेजात मारुती ८००चा पाण्याचा पंप ओम्नीला बसवताना पाहिला. दोन्ही गाड्यांचे उत्पादन कधीच बंद झाले, तरी ७९६ सी.सी.चे इंजिन समाईक असल्यामुळे एकीचे भाग दुसरीला जगवतात. येथे समाईक भागाचा पहिला लाभ ग्राहकालाच मिळाला.

परिव्यय-हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर साच्यांचा आणि यंत्रांचा खर्च ठरलेला असतो. नग वाढले की तो प्रत्येक नगावर थोडा थोडा विभागला जातो. भारतात त्या वेळी गाड्यांना गिऱ्हाईक मोजके होते. तीन गाड्यांचे भाग वेगवेगळे असते तर कोणताही भाग येथे बनविणे परवडले नसते आणि सारे काही बोटीनेच येत राहिले असते. भाग समाईक असले तरच देशी बनावटीला वाव राहतो. माझ्या मते वालचंदांच्या धाडसाला या हिशेबाचा आधार होता.

१९४९ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांनी देह ठेवला. त्याच सुमारास सरकारने धोरण ठरविले, की ज्यांच्याकडे देशात भाग बनविण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच या धंद्यात राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथील जुळणीचे कारखाने आवरले; प्रीमियर टिकली. तिच्याच फियाट ११००ची पुढे ‘पद्मिनी’ झाली. नाव बदलले, अंग तेच! मुंबईची टॅक्सी म्हणून ती २०२३ सालापर्यंत धावली.

बिल्ला पाहून गाडी निवडणारे पुष्कळ असतात. बिल्ल्याखालचा भाग कोठे बनतो, हे विचारणारा माणूस देशाला कारखाना देऊन जातो.